उद्यमनगरातल्या रेडिएटरवाल्या मामांचं दुकान: पाचपैकी चार

आधी निकाल सांगते. गाडी गरम होत असेल, मोठ्या वर्कशॉपनं हेड गॅसकेटचं (इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या सीलचं) एस्टिमेट हातात दिलं असेल आणि पोटात गोळा आला असेल, तर हेड उतरवायला होकार देण्याआधी एकदा कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या या मामांकडं जाऊन या. माझे साडेबावीस हजार वाचले. मामांनी घेतले ते ८७०, आणि त्यातले १२० एका प्लॅस्टिकच्या कनेक्टरचे.

एक तारा का कापला तेही पुढं येईल. तो मी उगाच कापलेला नाही.

गाडी २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक, एमएच ०९. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष गाडीचा नव्हताच. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, माहेर कणकवलीचं. त्यामुळं वर्षातून सहा-सात वेळा राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट असा रस्ता ठरलेला.

जानेवारीत, ऊस ऐन भरात असताना, राधानगरी रोडला हळदीच्या अलीकडं संध्याकाळी साडेसातला समोर ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या होत्या. मागच्या ट्रॉलीला ना दिवा, ना लाल रिफ्लेक्टर. ब्रेक लागला, पण पाच-सहा फूट कमी पडले. धडक तशी मोठी नव्हती. ट्रॉलीच्या बाहेर आलेले ऊस मात्र जाळीतून थेट आत घुसले. खाली उतरून बघते तर बॉनेटखालून हिरवं कुलंट (इंजिन गार ठेवायला रेडिएटरमधून फिरणारं पाणी) डांबरावर वाहतंय आणि एक कांडं कंडेन्सर, म्हणजे एसीची पुढची जाळी, फोडून रेडिएटरमध्ये रुतून बसलंय. ट्रॅक्टरवाला खाली उतरला, बघितलं, म्हणाला, "ताई, ऊस काढू नका, हाय तसंच ऱ्हाऊ द्या." एवढं सांगून तो निघून गेला. सल्ला चुकीचा नव्हता, हे कबूल करते.

विमा होता. गाडी एका मोठ्या वर्कशॉपला गेली. काचेची केबिन, कॉफीचं मशिन, टोकन नंबर असलं सगळं. नाव त्यांचंही नको. रेडिएटर, कंडेन्सर, पंखा मोटरसकट, वरचा होज पाइप, बंपर, एक हेडलाइट, सगळं बदललं. प्लॅस्टिक आणि रबराला ५० टक्के घसारा, वर १,००० ची सक्तीची वजावट, असं करत माझ्या खिशातूनही बऱ्यापैकी गेले. ते असो. फेब्रुवारीच्या शेवटी गाडी धुऊन-पुसून, सीटवर प्लॅस्टिक घालून हातात आली.

त्याच दुपारी दसरा चौकाच्या सिग्नलला इंजिनाच्या तापमानाचा काटा हलला. इतकी वर्षं तो काटा अर्ध्याच्या जरा खाली जो बसायचा तो बसायचाच. तो आहे हेही मी विसरून गेले होते. आता तो अर्ध्याच्या वर, मग पाऊण. सिग्नल सुटला, गाडी जरा पळाली, की परत खाली. आणि एसीतून उभ्या गाडीत गरम वारा. गाडी चालू लागली की थंड.

ही दोन लक्षणं लक्षात ठेवा. मी ठेवली नव्हती. बारावीच्या पोरांना सॉल्ट ॲनालिसिस शिकवताना घसा कोरडा करून सांगते की एका परीक्षेवर मूलक ठरवू नका, सगळी निरीक्षणं एकत्र मांडा. आणि स्वतःच्या गाडीच्या वेळी एसीची तक्रार वेगळी लिहून दिली आणि काट्याची वेगळी. त्यांनीही दोन वेगळी जॉबकार्डं केली. एसीत गॅस भरला, १,८०० रुपये. काट्याला म्हणाले, "एअर पकडली असेल मॅडम, नवीन रेडिएटर आहे ना." एअर काढली. दोन दिवसांनी परत तेच.

दुसऱ्या फेरीत थर्मोस्टॅट बदलला, म्हणजे इंजिन तापलं की कुलंटला रेडिएटरकडं वाट उघडून देणारी झडप. त्यांचा माणूस मला शेजारी बसवून कागलच्या दिशेनं हायवेला घेऊन गेला, ८० नं पळवली, काटा जागेवर. "बघा मॅडम, ओके आहे." मीही म्हटलं, ओके आहे. हायवेला ती आधीही ओकेच होती, हे माझ्या डोक्यात तेव्हा आलं नाही.

एक गोष्ट मात्र शहाणपणाची केली. जुना थर्मोस्टॅट मागून घेतला. (जुने पार्ट नेहमी मागून घ्या. देताना तोंड वाकडं करतात, पण देतात.) त्यावर ८२ कोरलेलं होतं. घरी पातेल्यात पाणी घेतलं, थर्मोस्टॅट दोऱ्यानं टांगता ठेवला, लॅबमधला थर्मामीटर सोडला आणि गॅस बारीक केला. ८० पर्यंत हूं की चूं नाही. ८२ च्या आसपास मधली चकती हलली, ९० च्या पुढं चांगली बोटभर फट. गॅस बंद केल्यावर पाणी निवत गेलं तशी परत मिटली. म्हणजे ठणठणीत माल बदलून ११०० घेतले होते. सासूबाईंनी त्या पातेल्यात पुन्हा दूध तापवायचं नाही असं बजावलं, ते पातेलं आता माझ्या चाचण्यांचंच झालंय.

तरी मी गप्प बसले. परीक्षा होत्या, पेपर तपासायचे होते, आणि शहरातल्या शहरात काटा पाऊणच्या वर जात नव्हता. माणसाला सवय कशाचीही लागते.

मे महिन्यात मुलांना घेऊन माहेरी गेले. जाताना उतार, काही नाही. येताना डिकीत दोन पेट्या हापूस, एक कापा फणस, आईनं दिलेलं आगळ, आणि फोंडा घाटात पुढं चिऱ्यांनी भरलेला ट्रक. दुसऱ्या गिअरवर, वीसच्या वेगानं, ओव्हरटेकला जागा नाही. तिसऱ्या-चौथ्या वळणाला काटा लाल पट्टीला टेकला. एसी बंद केला, हीटर फुल सोडला, चारी काचा खाली. मेमधल्या दुपारी हीटर! मुलगा म्हणाला, "आई, तू ठीक आहेस ना?" पण हीटर म्हणजे आत बसवलेला छोटा रेडिएटरच असतो, इंजिनाची थोडी आग तरी तो बाहेर ओढतो. जागा मिळाली तशी गाडी कडेला घेतली, तोवर कुलंटची बाटली उतू जाऊन खाली वाफाळतं थारोळं झालं होतं.

मागून आलेला एक मोटारसायकलवाला देवमाणूस बाटलीतलं पाणी घेऊन थेट रेडिएटरची टोपी उघडायला निघाला. त्याचा हातच धरला. घरातला कुकर आणि गरम रेडिएटर यांत फार फरक नाही. टोपीखाली साधारण एक बार जादा दाब असतो, त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. टोपी सैल केली की दाब जातो आणि सगळं एकदम उसळून तोंडावर येतं. पाऊण तास थांबलो. पोरांनी फणस फोडायचा हट्ट धरला, सुरी नव्हती म्हणून वाचला.

तिसऱ्या फेरीत वर्कशॉपनं निदान बदललं. "घाटात गरम होते म्हणजे हेड गॅसकेट. ॲक्सिडेंटच्या वेळी कुलंट गेल्यावर तुम्ही गाडी चालवली असणार." मी चालवली नव्हती, टोचन लावून आणली होती, त्यांच्याच टोईंगवाल्यानं. एस्टिमेट साडेबावीस हजार. कुठली टेस्ट करून हे ठरवलं, असं विचारलं. उत्तर आलं, "अनुभव आहे मॅडम."

पातेल्यातला थर्मोस्टॅट डोळ्यांपुढं होताच. गाडी घेऊन बाहेर पडले.

मामांचा पत्ता आमच्या कॉलेजच्या शिपायानं दिला. उद्यमनगरात लेथचा आवाज आणि कटिंग ऑइलचा वास सुरू झाला की दोन बोळ सोडून आत वळायचं. पाटीवरचा रंग उडालाय, 'रेडिएटर' एवढंच वाचता येतं. बाहेर ट्रॅक्टरचे, ट्रकचे पितळी रेडिएटर भिंतीला टेकवून ठेवलेले, एका कोपऱ्यात पाण्याचा हौद, त्यात रेडिएटर बुडवून हवा सोडतात आणि बुडबुडे कुठून येतात ते बघतात. मामांची साठी उलटलेली. पूर्वी सगळं काम डाग द्यायचं (सोल्डरिंगचं) आणि रॉड घालून नळ्या साफ करायचं होतं, आता ॲल्युमिनिअम आणि प्लॅस्टिकच्या टाक्या आल्यापासून निम्मं काम 'बदला' एवढंच राहिलंय, असं त्यांचं दुखणं. ते दर गिऱ्हाइकाला ऐकावं लागतं.

मी बॉनेट उघडायला गेले तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. आदी सांगा, कवा गरम हुतीया? पळताना का हुबं ऱ्हाताना?"

तीन महिन्यांत हा प्रश्न मला पहिल्यांदा कुणी विचारला.

सांगितलं. सिग्नलला, घाटात, गर्दीत. हायवेला नाही. मग विचारलं, एसी? उभ्या गाडीत गरम, पळताना गार. मामांनी मान डोलावली आणि चहा सांगितला. चहा येईपर्यंत त्यांनी जे सांगितलं ते माझ्या भाषेत असं: हायवेला गरम होत असेल तर पाणी फिरत नाही, म्हणजे जाळी चोंदलेली, नाहीतर वॉटर बॉडी (पाणी फिरवणारा पंप) गेलेली. उभ्यानं गरम होत असेल तर वारा नाही. आणि गॅसकेट उडालेलं असेल तर ते हायवे बघत नाही की सिग्नल, सकाळी गार इंजिन चालू केल्या-केल्या रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे दाखवतं. "पन गॅसकेट न्हाई म्हनायला बी पुरावा पायजे न्हवं? गाडी रातीला हितंच सोडा. मला ती गार लागतीया."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला गेले. बसायला एक ऑइलचा डबा, त्यावर पोतं. बायकांसाठी सोय शून्य. तासापेक्षा जास्त थांबायचं असेल तर तयारीनं जा. पण मी हललेच नाही, कारण मामांनी सगळं माझ्यासमोर केलं.

गार गाडीची टोपी काढली. गळ्यापर्यंत पाणी भरलं, इंजिन चालू. दोघंही वाकून बघतोय. एक-दोन बुडबुडे आले, मग शांत. ॲक्सिलरेटर दिला, पाणी हललं, फेस नाही. मग टोपीच्या जागी हातपंप बसवून एक बारपर्यंत दाब दिला आणि पंधरा मिनिटं पंपावरच्या दाबाच्या काट्याकडं बघत बसले. काटा जागचा हलला नाही. म्हणजे होज, क्लिपा, नवा रेडिएटर, कुठं गळती नाही.

मग त्यांच्या मुलानं एक काचेची नळी आणली, निळं पाणी भरलेली. रेडिएटरमधलं पाणी थोडं काढून पातळी खाली घेतली, नळी तोंडावर टेकवली आणि वरचा रबरी फुगा दाबत आतली हवा त्या निळ्या पाण्यातून ओढायला लागला. मी डब्यावरून उठलेच. तो निळा रंग मी हजारदा बघितलाय. अशा टेस्टरमध्ये ब्रोमोथायमॉल ब्लू असतं. पोरं स्ट्रॉनं त्यात फुंकर मारतात, श्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून आम्ल होतं आणि निळ्याचं हिरवं, हिरव्याचं पिवळं. गॅसकेट फाटलं असेल तर सिलिंडरमधला जळालेला वायू कुलंटमध्ये येतो, आणि या नळीत तेच होतं. मुलानं फुगा दोन मिनिटं दाबला. निळं ते निळंच. खात्रीसाठी त्यानं नळी सायलेन्सरला लावून दाखवली, चार दाबांत पिवळं झालं. 'मामा, ही कंट्रोल टेस्ट झाली,' असं म्हणणार होते, पण गिळलं.

साडेबावीस हजारांचं गॅसकेट इथं निकालात निघालं.

आता पंखा. इंजिन तापू दिलं, एसी लावला, पंखा चालू झाला. चांगला जोरात फिरत होता. वर्कशॉपमध्येही दर वेळी त्यांनी मला हेच दाखवलं होतं: "फॅन चालू आहे बघा." मामांनी 'पुढारी'चा जुना अंक उचलला, एक पान फाडलं आणि बंपरसमोर जाऊन जाळीवर धरलं. हात सोडला.

पान जाळीला चिकटायला हवं. पंखा रेडिएटरच्या मागं असतो, त्यानं समोरची हवा आत ओढायची असते. पान फडफडत मागं आलं, मामांच्या लुंगीवर आपटलं आणि हौदात जाऊन पडलं.

मामा काही बोलले नाहीत. दुसरं पान फाडलं, माझ्या हातात दिलं. मी धरलं. जाळीतून गरम वाऱ्याचा झोत थेट माझ्या मनगटावर येत होता, हेअर ड्रायरसारखा. पान सोडलं, तेही उडालं.

"पंखा फिरतोय," मामा म्हणाले, "पन वारा कुनीकडं चाललाय ते बगितलं का कुनी?"

वर्कशॉपनं बसवलेली मोटर आली होती वेगळ्या कनेक्टरची. गाडीच्या सॉकेटला बसेना. तर कुणीतरी दोन्हीकडची कनेक्टरं कापून वायरी पिळून जोडल्या होत्या, वर काळी टेप. टेप सोडवली तर धन-ऋण उलटं जोडलेलं. ही मोटर साध्या डीसीवर चालणारी. वायरी उलट्या केल्या तर ती थांबत नाही, फ्यूज उडत नाही, दिवा लागत नाही. निमूटपणे उलटी फिरते. आवाजही जवळजवळ तोच. आमच्या फिजिक्सच्या सरांना हे सांगितलं तर ते पाच मिनिटं हसत होते, आणि मग म्हणाले, "हा प्रश्न प्रॅक्टिकलच्या तोंडीला विचारणार."

मग सगळं जुळलं. हायवेला वेगाचा वारा समोरून येतो, पंख्याची गरजच नाही. सिग्नलला पंखाच आधार, तर तो इंजिनाकडची तापलेली हवा रेडिएटरमधून पुढं ढकलतोय, तीच सगळ्यात पुढं असलेल्या कंडेन्सरवर, म्हणून एसी गरम. घाटात तर सगळ्यात वाईट. वीसच्या वेगाचा जो काय थोडा वारा समोरून येत होता, त्याच्या विरुद्ध हा पंखा फुंकत होता. घाटात तो पंखा बंद पडला असता तरी बरं झालं असतं! दोन जॉबकार्डं, एक कारण.

मुलानं वायरी कापल्या, सरळ जोडल्या, डाग दिला, वर स्लीव्ह चढवून लायटरनं आवळली, नवं दोन पिनांचं कनेक्टर घातलं. पंखा सुरू. तिसरं पान मी धरायच्या आधीच हातातून ओढलं गेलं आणि जाळीला 'फट' करून चिकटलं. नगरपालिकेच्या निवडणुकीची बातमी होती, अख्खी वाचता येत होती.

अर्धा तास एसी लावून उन्हात उभी ठेवली. पंखा लागायचा, बंद व्हायचा, लागायचा. तापमान मोजायच्या पिस्तुलानं वरचा होज ९१, खालचा ७६. काटा अर्ध्याच्या खाली, जुन्या जागी. त्याला बघून बरं वाटलं, खरंच सांगते.

आता तो कापलेला तारा.

चार दिवसांनी माझ्या लक्षात आलं की कुलंटची बाटली मॅक्सच्या वर भरलेली आहे, आणि सकाळी गार असताना टोपी काढली तर रेडिएटरचं तोंड दोन बोटं रिकामं. त्याहून विचित्र म्हणजे वरचा होज. रात्री घट्ट आणि गोल असलेला तो सकाळी मधोमध चपटा, कुणीतरी मुठीत दाबून धरल्यासारखा. टोपी सैल केली की 'फुस्स' करून परत गोल. फोटो काढून मामांच्या मुलाला पाठवला. दहा मिनिटांत उत्तर आलं, "कॅप."

रेडिएटरच्या टोपीत दोन व्हॉल्व्ह असतात. एक दाब वाढला की कुलंट बाटलीकडं सोडतो. दुसरा, मधला छोटा, इंजिन गार होताना बाटलीतलं कुलंट परत आत येऊ देतो. हा दुसरा अडकला की आत पोकळी तयार होते आणि बिचारा रबरी होज आत ओढला जातो. नव्या रेडिएटरबरोबर आलेली टोपीच तशी निघाली होती. पहिल्या दिवशी मामांनी पंप टोपीच्या जागी लावला होता, टोपी स्वतः तपासलीच नव्हती. हे त्यांच्या नजरेतून सुटलं. गेल्यावर तोंडानं कबूल केलं, "माजी चूक. टोपी बगाय पायजे हुती." टोपीचे २५० घेतले, दुसऱ्या फेरीची मजुरी घेतली नाही. पहिल्या दिवशीची ५००, कनेक्टरचे १२०. अशी ८७० ची बेरीज. मोठ्या वर्कशॉपनं तीन महिन्यांत एकदाही 'माझी चूक' हे वाक्य उच्चारलं नाही, तरीही तारा कापते, कारण मी रोज सकाळी बॉनेट उघडून बघणारी आहे म्हणून कळलं, सगळे बघत नाहीत.

दुसरी तक्रार पाण्याची. मामा बोअरचं पाणी बिनदिक्कत भरतात. "चालतंय की, आमच्या टायमाला समदं पान्यावरच चालायचं." तुमच्या टायमाला रेडिएटर पितळेचे होते, मामा, आणि तुम्हीच डाग देत बसायचा. बोअरच्या जड पाण्याचा क्षार आत धरतो आणि ॲल्युमिनिअमला गंजरोधक लागतो. टेस्टला पाणी ठीक, पण शेवटी सगळं काढून तयार मिक्स कुलंट भरून घ्या. समोरच्या दुकानात मिळतं, मला तीन लिटर लागलं. ते या ८७० मध्ये धरलेलं नाही.

आणि तिसरी, जिच्यावरून आमचं भांडण झालं. जुनं कुलंट त्यांनी सरळ गटारीच्या दिशेनं सोडलं. कुलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं, चव गोडसर, कुत्री-मांजरं चाटतात आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. बोळात चार कुत्री झोपलेली होती, त्यातलं एक मामांच्याच पायाशी. मी वर्गातल्या आवाजात बोलले. मामांनी ऐकून घेतलं, कुत्र्याकडं बघितलं, आणि पोराला म्हणाले, "डबा घे रं." दुसऱ्या फेरीत डबा तिथंच दिसला, निम्मा भरलेला. त्याचं पुढं काय करतात ते विचारलं नाही.

एसीचं काम ते करत नाहीत. गॅस वगैरे दुसरीकडं. कच्ची पावती मिळते, जीएसटीचं बिल नाही, त्यामुळं विम्याच्या क्लेमचं काम इथं आणू नका. यूपीआय चालतं, पण कोड मुलाच्या मोबाइलवर, आणि मुलगा जेवायला गेला की रोखच.

जूनमध्ये कॉलेज उघडायच्या आधी एका रविवारी, पाऊस लागायच्या आत, मी नवऱ्याला शेजारी बसवून मुद्दाम फोंड्याला खाली उतरले आणि परत वर आले. पुढं ट्रक नव्हता, तर मीच दुसऱ्या गिअरवर वीसनं चालवली, एसी फुल लावून. मागचे हॉर्न वाजवत होते, नवरा खिडकीतून हात दाखवून "जा, जा" करत होता. काटा वरच्या शेवटच्या वळणापर्यंत अर्ध्याच्या खाली. दाजीपूरला चहा घेतला.

जाणार असाल तर: गाडी आदल्या संध्याकाळी सातच्या आत सोडा, सकाळी गार लागते. अमावस्येला दुकान बंद. वर्कशॉपकडून बदललेले जुने पार्ट असतील तर बरोबर न्या, मामांना ते बघायला आवडतं. माझा थर्मोस्टॅट त्यांनी उलटसुलट करून बघितला आणि मागून घेतला. आणि बसायला डब्यापेक्षा काहीतरी बरं हवं असेल तर घरून आणा.